केनियातल्या ख्रिस्ती अनाथाश्रमात तीन महिने राहायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नाशिकच्या, वय चोवीस, डी.एड. झालेलं, घरात वारी आणि माळ. ओळखीतून पश्चिम केनियातल्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती अनाथाश्रमाचं बोलावणं आलंय, तीन महिने स्वयंसेवक म्हणून. तिथे दिवस कसा जातो, आपण ख्रिस्ती नाही याची अडचण होईल का, शाकाहार निभेल का आणि मुलांना शिकवायला मिळेल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय, "त्या मुलांना खूप प्रेम द्यायचंय."

मी परिचारिका आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातली. किसुमू आणि काकामेगा यांच्या मधल्या व्हिहिगा भागात अशाच एका आश्रमात २००९ ते २०१४ या काळात राहिले आणि पुढेही दोनदा जाऊन आले. जेवण, प्रार्थना, कागदपत्रं या अडचणी सुटणाऱ्या आहेत. खरा विचार करायचा आहे तो तुमच्या त्या शेवटच्या वाक्याचा. पण आधी दिवस कसा जातो ते सांगते, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही.

बरंच काही संस्थेवर अवलंबून आहे, हे आधीच सांगून ठेवते. "ख्रिस्ती" या एका शब्दात तिकडे फार वेगवेगळी माणसं येतात. व्हिहिगातल्या काइमोसीला अमेरिकेतले क्वेकर पंथाचे मिशनरी १९०२ साली आले, त्यांच्या शाळा आणि दवाखाना आजही आहे. कॅथलिक आहेत, अँग्लिकन आहेत, साल्व्हेशन आर्मी आहे, पेंटेकोस्टल तर गल्लोगल्ली. चर्चने चालवलेली जुनी संस्था आणि एखाद्या पाळकाने परदेशी देणग्यांवर स्वतःच्या आवारात काढलेली संस्था, यांचे दिवस सारखे नसतात. माझा आश्रम पहिल्या प्रकारातला. मुलं चाळीसच्या आसपास, सांभाळणाऱ्या बायका चार.

त्या बायकांना सगळे "मामा" म्हणतात. किस्वाहिलीत मामा म्हणजे आई. आपल्या कानाला पहिले काही दिवस चमत्कारिक वाटतं, मग तोंडात बसतं.

दिवस पहाटे पाचला सुरू होतो. विषुववृत्त अगदी जवळ, त्यामुळे बारा महिने सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि पावणेसातच्या आसपास मावळतो. उन्हाळ्याची लांब संध्याकाळ तिथे नाही. वेळही उजाडल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे "साआ मोजा", पहिला तास. दहा म्हणजे "साआ न्ने", चौथा. आपल्याकडे जुन्या लोकांनी सूर्योदयापासून घटका मोजल्या, तसंच. कुणी किस्वाहिलीत वेळ सांगितली की सहा तास मिळवायचे, एवढं लक्षात ठेवा. नाहीतर दवाखान्याची गाडी चुकते.

पाचला मोठी मुलं उठून कंदिलाच्या किंवा सौर दिव्याच्या उजेडात अभ्यासाला बसतात. मामा चूल पेटवतात आणि उजी ठेवतात. उजी म्हणजे पातळ पेज, आणि त्या भागात ती बरेचदा विम्बीची असते. विम्बी म्हणजे आपली नाचणी. पहिल्या सकाळी उजीचा मग तोंडाला लावला आणि आजोळची आंबील आठवली, इतकी ती ओळखीची होती. सहा-साडेसहाला गणवेश घालून मुलं शाळेत निघतात. त्याआधी सगळ्यांची छोटी प्रार्थना, एक गाणं.

मुलं गेली की खरं काम सुरू. पाणी आधी. व्हिहिगात झरे भरपूर आहेत, पण ते उताराखाली असतात आणि घरं वर. वीस लिटरचा पिवळा कॅन भरून चढ चढायचा. सुरुवातीला मला अर्धा कॅनही जमत नव्हता. मग चाळीस मुलांचे कपडे, हाताने. मग शाम्बा, म्हणजे शेत: मका, घेवडा, सुकुमा विकी. ही सुकुमा विकी म्हणजे कोबीच्या जातीतली जाड पानांची भाजी, नावाचा अर्थ "आठवडा ढकला". पैसे संपले तरी हिच्यावर आठवडा निघतो.

दुपारी बहुधा गिथेरी, मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला. पावसाळ्यात दुपारनंतर ढग भरून येतात आणि पत्र्यावर पाऊस असा वाजतो की बोलणं बंद. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. त्या महिन्यांत कपडे वाळवणं हीच मोठी काळजी असते, कारण पुष्कळ मुलांकडे गणवेशाचा एकच जोड. संध्याकाळी धुऊन स्वयंपाकघराच्या आढ्याला टांगायचा. सकाळी त्याला धुराचा वास.

परिचारिका म्हणून माझा वेळ सगळ्यात जास्त गेला तो पायांवर. तिथल्या मातीत जिगर नावाची पिसू असते. ती तळव्यात, नखांच्या कडेला आत शिरते आणि अंडी भरून वाटाण्यासारखी फुगते. मूल चालेनासं होतं, शाळा बुडते. शनिवारी सकाळी आम्ही बादलीत पाय भिजवायचो आणि एकेक पाय मांडीवर घेऊन बसायचो. प्रत्येक मुलाला वेगळी सुई, कारण एकच सुई फिरवली तर रक्तातून रोग पसरतो. हे काम घाईने होत नाही. ते करताना मुलं जेवढं बोलतात तेवढं एरवी कधी बोलत नाहीत, पण ते सारं तुमच्याशी नाही, ज्या मामाच्या मांडीवर पाय आहे तिच्याशी. या मुद्द्याकडे परत येते.

संध्याकाळी उगाली. उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ घालून घट्ट घोटायचं, भाकरीच्या उकडीपेक्षाही घट्ट. चाळीस जणांची उगाली मोठ्या सुफुरियात होते. ते अॅल्युमिनियमचं बिनकानाचं पातेलं असतं. म्विको नावाचा वल्ह्यासारखा लाकडी चमचा दोन्ही हातांनी धरून मामा अख्खं अंग त्यात घालते. पीठ पातेल्याच्या कडा सोडायला लागलं आणि भाजल्याचा वास आला की झाली.

जेवणाआधी प्रार्थना, जेवणानंतर गाणी. आठ वाजता औषधं. आमच्याकडे काही मुलं जन्मापासून एचआयव्हीसह जगणारी होती. त्यांचे आईबाप गेले ते औषधं खेड्यापर्यंत पोहोचण्याआधी, आणि मुलं वाचली ती पोहोचल्यानंतर. गोळ्या वेळेवर, एक दिवसही न चुकता, आणि इतर मुलांच्या नकळत. एक मामा प्रत्येक बाटलीत कापसाचा बोळा घालून ठेवायची, कारण चालताना गोळ्या खुळखुळल्या की बाकीची पोरं वळून बघतात. तिला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. तुम्हाला तिथे कुठल्या मुलाबद्दल असं काही कळलं, तर ते तुमच्या आईलासुद्धा सांगायचं नाही.

नऊला दिवे बंद.

आता प्रेमाबद्दल. मी पोहोचले त्या दिवशी गाडीतून उतरले आणि चारेक वर्षांची एक मुलगी धावत आली. दोन मिनिटांत तिने माझा हात धरला, पाच मिनिटांत ती कडेवर होती. मला गहिवरून आलं. वाटलं, हिला माझीच गरज होती. त्या रात्री मी घरी हेच लिहिलं. आठवड्याने आमची सगळ्यात जुनी मामा सुकुमाची पानं चिरताना शांतपणे म्हणाली, "ती सगळ्यांकडे जाते. जो येईल त्याच्याकडे." मग मी लक्ष ठेवलं. देणगीदार आला, त्याच्या कडेवर. विजेचा माणूस आला, त्याच्या कडेवर. जी मामा तिला रोज न्हाऊ घालायची, तिच्याकडे मात्र ती पडली-झडली तरी रडत जायची नाही.

घरात वाढलेलं चार वर्षांचं मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड लपतं. ते लपणं निरोगी असतं. कोण आपलं हे त्याला कळलेलं असतं. आश्रमातल्या मुलांचं हे सगळ्यांना बिलगणं म्हणजे जखमेची खूण आहे, आणि दर तीन महिन्यांनी नवा ताई-दादा येऊन भरपूर लाड करून निघून गेला की ती जखम पुन्हा उघडते. रोमानियातल्या अनाथालयांमधल्या मुलांवर २००० सालापासून झालेल्या अभ्यासात हेच दिसलं: पोटभर जेवण मिळूनही एक कायमचं माणूस नसेल तर मुलाची वाढ खुंटते, आणि लहान वयात कुटुंबात गेलेली मुलं पुष्कळ सावरतात.

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. तीन महिन्यांसाठी जाणाऱ्याने मुलांना प्रेम द्यायला जाऊ नये. मामांच्या हाताखाली काम करायला जावं. चार बायका चाळीस मुलं सांभाळतात. त्यातल्या एकीचं पाणी तुम्ही भरलंत, कपडे तुम्ही धुतलेत, हिशेबाची वही तुम्ही लावून दिलीत, तर तिला एका मुलाला मांडीवर घेऊन त्याचे पाय बघायला अर्धा तास मिळतो. तो अर्धा तास त्या मुलाच्या उपयोगाचा. ती पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे. एखादं लहान मूल तुमच्याकडे धावत आलं तर त्याला झिडकारू नका, पण हात धरून त्याला त्याच्या मामाकडे न्या आणि तिच्याशी बोला. याचे फोटो निघत नाहीत. तसंही मुलांचे फोटो काढून सोशल मीडियावर टाकूच नका. तुमच्या भाच्याचा उघड्या अंगाचा फोटो कुणा परक्याने जगभर दाखवला तर तुम्हाला कसं वाटेल, एवढा विचार पुरे.

शिकवण्याचंही तसंच. केनियात प्रशिक्षित शिक्षक नोकरीची वाट बघत बसलेले असतात. त्यांना तिथली भाषा येते, अभ्यासक्रम ठाऊक असतो. त्यांची जागा फुकटात भरणं हे चांगलं काम नाही. संध्याकाळी मोठ्या मुलांना इंग्रजी वाचनात मदत, गणिताची साधनं पुठ्ठ्यातून करून मामांना आणि शिक्षकांना ती वापरायला शिकवणं, हे तुमच्या डी.एड.चं सोनं आहे. तुम्ही परतल्यावरही ते तिथे राहील.

आता दुसरी गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही पण विचारायला हवी होती. ही मुलं खरंच अनाथ आहेत का? युनिसेफच्या व्याख्येत आई किंवा बाप, दोघांपैकी एक गेलं तरी मूल "अनाथ" धरतात. आमच्या चाळीसपैकी बहुतेकांना आई, आजी किंवा मामा-काका होते. मग ती आश्रमात का? प्राथमिक शिक्षण २००३ पासून मोफत झालं, तरी गणवेश, वह्या, पुढच्या शाळेची फी, आजीचं आजारपण हे खर्च राहतातच. आजी म्हणते, तिथे निदान पोटभर जेवेल. म्हणजे मूल घराबाहेर पडतं ते गरिबीमुळे. आणि एका मुलावर आश्रमात जो खर्च होतो, त्याच्या काही हिश्श्यात ती आजी त्याला घरी वाढवू शकली असती.

हे केनिया सरकारनेही ओळखलंय. २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली गेली. २०२२ च्या बालक कायद्याने कुटुंबातल्या संगोपनाला पहिलं स्थान दिलं आणि त्याच वर्षी मुलांना संस्थांमधून कुटुंबांकडे नेण्याचं दहा वर्षांचं, २०३२ पर्यंतचं धोरण आलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही डिसेंबर २०१९ च्या ठरावात अनाथालयांभोवती वाढलेल्या स्वयंसेवक-पर्यटनाचा धोका सांगितला. काही ठिकाणी पाहुणे आणि देणग्या येत राहाव्यात म्हणून घरं असलेली मुलं गोळा केली जातात. ऑस्ट्रेलियात तर हे आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीतच चर्चेला आलं.

तुमच्या ओळखीतली संस्था तशी असेल असं मी म्हणत नाही. पण बोलावणं स्वीकारण्याआधी त्यांना लिहून विचारा: नोंदणी आहे का, प्रत्येक मूल न्यायालयाच्या आदेशाने आणि बाल अधिकाऱ्याच्या माहितीने आलंय का, गेल्या वर्षी किती मुलं घरी परतली, नातेवाईक कधी भेटायला येतात. चांगल्या संस्थेला हे प्रश्न आवडतात. आणि ती उलट तुमच्याकडे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागते, दोन माणसांचे संदर्भ मागते. काहीच न विचारता "या, फक्त एवढे डॉलर भरा, मुलं वाट बघताहेत" असं उत्तर आलं तर जाऊ नका. मी हे फार जिवावर येऊन लिहिते, कारण तुमचा उत्साह मला दिसतो. पण त्या दारात कुणी गेलं नाही तरच ते दार बंद होईल.

बाकीचं पटपट.

धर्म: तुम्ही वारकरी घरातल्या आहात हे सरळ सांगा. तिथे धर्म न मानणारा माणूस लोकांना कोड्यात टाकतो, दुसऱ्या धर्माचा नाही. तुमच्या चेहऱ्यावरून तुम्ही "म्हिंदी", म्हणजे भारतीय, हे ते ओळखतीलच. रेल्वे बांधणारे मजूर आणि दुकानदार म्हणून आपली माणसं तिकडे गेली, १९०१ साली रेल्वे किसुमूला व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी पोहोचली, तेव्हापासूनची ओळख आहे. पैशाला पेसा, गाडीला गारी, रंगाला रांगी, विम्याला बिमा म्हणतात. चपाती तर सणाची मेजवानी आहे. रविवारची उपासना तीन-चार तास चालते. "ब्वाना असिफिवे", प्रभूची स्तुती असो, असं कुणी म्हटलं की "आमिना" म्हणायचं. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ खातात ती, भाकर वाटताना मात्र जागेवर बसून राहा, कुणी वाईट वाटून घेत नाही. दानाच्या वेळी पैसे नसलेले लोक कोंबडी, अंडी, केळीचा घड आणतात आणि त्यांचा तिथेच लिलाव होतो. तो नक्की बघा. एका म्हातारीची सहा अंडी कुणीतरी चढ्या भावाने घेतली आणि तिलाच परत दिली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शाकाहार निभतो. सुकुमा, घेवडा, गिथेरी, केळी, रताळी, अवाकाडो मुबलक. तूरडाळ आणि मसाले किसुमूत मिळतात. अडचण एकच: त्या भागातल्या लुह्या लोकांत पाहुण्यासाठी कोंबडी कापणं हा मोठा मान. ताटात आल्यावर नको म्हटलं तर घर दुखावतं. पोहोचण्याआधीच मामांकडून निरोप जाऊ द्या. ओमेना नावाच्या सुक्या मासळीचा वास आपल्या बोंबलासारखाच घमघमतो, त्याची तयारी ठेवा.

कागदपत्रं आणि तब्येत: पर्यटक म्हणून जाऊन तिथे काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा. परवाना संस्थेने काढायचा. पीतज्वराची लस जाण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रात. तो पिवळा दाखला जपा. तो नसेल तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. सरोवराकाठचा तो सगळा पट्टा मलेरियाचा आहे, आणि तो मेंदूपर्यंत जाणारा प्रकार. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, मच्छरदाणीत झोपा, आणि ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. परतल्यावरही काही महिने ताप आला तर डॉक्टरांना "मी केनियात होते" हे पहिलं वाक्य सांगायचं.

आणि निघण्याबद्दल. तुम्ही गेल्यावर पहिल्या दोन दिवसांत एखादं सात-आठ वर्षांचं मूल विचारेल, "उनाओन्डोका लिनी?" तू कधी जाणार? मला एका मुलाने विचारलं होतं, आणि मी हसून विषय बदलला. ती चूक होती. त्याला माझ्या येण्याचं कौतुक नव्हतं, जाण्याची तारीख हवी होती, म्हणजे त्याला किती जीव लावायचा ते ठरवता आलं असतं. पुढच्या वेळी गेले तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या जाण्याच्या दिवसाभोवती पेनाने गोल केला आणि सगळ्यांना दाखवला. तो मुलगा रोज सकाळी उजीचा मग घेऊन त्या कॅलेंडरसमोर उभा राहायचा आणि बोटाने दिवस मोजायचा. शेवटच्या दिवशी तो लपून बसला नाही. माझी पिशवी माटाटूपर्यंत, म्हणजे तिथल्या प्रवासी गाडीपर्यंत, त्यानेच उचलली.